उणे सात भागिले दोन

आमच्या साडूंना मी किती ओळखत होतो, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर 'फारसं नाही' असंच द्यावं लागेल. ते चहात साखर घेत नसत, हे मला माहीत होतं. त्यांना उंचीची भीती वाटे, तरी गॅलरीत ओणवून कपडे वाळत तेच घालत, हेही माहीत होतं. बाकी त्यांच्या डोक्यात सतत जे चाललेलं असे, त्यातलं शंभरातलं एकही मला कळलं नाही, आणि कळावं म्हणून मी कधी धडपडही केली नाही. ते गेल्यावर मेहुणी म्हणाली, "भाऊजी, त्यांच्याबद्दल चार ओळी तुम्हीच लिहा. दुसरं कोण लिहिणार?" मी म्हटलं, मला लिहायची सवय नाही, आयुष्यभर तपासणीचे अहवाल तेवढे लिहिले. ती म्हणाली, "मग तसंच लिहा. जे पाहिलं तेवढं लिहा." म्हणून बसलो आहे.

साडू हे नातंच गमतीचं. दोन बहिणींना एकमेकींवाचून करमत नाही म्हणून दोन परके पुरुष आयुष्यभर समोरासमोर बसतात. आमच्या दोघांत बोलका कोणीच नव्हता. बहिणी स्वयंपाकघरात गेल्या की ते म्हणायचे, "काय मग, दादा?" मी म्हणायचो, "चाललंय." एवढ्यावर विषय संपायचा. मग ते समोरची एखादी वस्तू उचलून उलटी करायचे आणि तिचे स्क्रू बघायचे. एकदा आमचं टेबलावरचं घड्याळ त्यांनी असंच उलटं केलं आणि हळूच विचारलं, "हे रोज थोडं मागे पडतं ना?" असं विचारलं की जणू ते मागे पाडण्यात त्यांचाच हात होता. चूक कोणाचीही असो, चेहरा यांचा उतरायचा. हॉटेलात वेटरच्या हातून पाणी सांडलं तर "माझं कोपर लागलं असेल" असं आधी हे म्हणणार.

मी वजनकाटे तपासणीच्या खात्यात होतो. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा. साडू एका कारखान्याच्या दुरुस्ती विभागात होते. शीतगृहं, बर्फाचे कारखाने, दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाक्या यांना लागणाऱ्या नियंत्रणाच्या पेट्या तिथे बनत. पेटी उघडली की आत हिरवी पाटी, पाटीवर एक काळी चिप. ती चिप म्हणजे त्या पेटीचा मेंदू, प्रोसेसर. ती बनवणारी कंपनी आधी बुडाली, मग साडूंचा कारखाना बंद पडला. पेट्या मात्र ठिकठिकाणी चालूच राहिल्या. साडूंना एका छापखान्यात यंत्रांच्या देखभालीची नोकरी मिळाली. कारखान्यातून निघताना त्यांनी भंगारातून एक हिरवी पाटी घरी आणली.

त्यांचं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीला लागून एक टेबल होतं, ते खरं तर जुनं दार. कुलपाचं भोक तसंच होतं, त्यातून वायरी खाली सोडलेल्या. दारावर कॉम्प्युटर, आणि बाजूला ती हिरवी पाटी. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून अंघोळीच्या वेळी बायका केसांवर घालतात ती प्लास्टिकची टोपी. ती टोपी मेहुणीचीच. त्यांना मूल नव्हतं. कोणी नव्या पाहुण्यानं विचारलंच तर मेहुणी त्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणायची, "आहे की एक. टोपी घालून बसलंय." पाहुणे हसायचे. साडू नजर खाली घालून कपबशा गोळा करायला लागायचे.

ते करतात तरी काय, हे मी त्यांना एकदाच नीट विचारलं. पावसानं आम्ही अडकून पडलो होतो आणि बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून.

"सोंग आहे हो दादा," ते म्हणाले. "आपल्या साध्या कॉम्प्युटरनं त्या जुन्या चिपचं सोंग घ्यायचं. याला एम्युलेटर म्हणतात. जुना प्रोग्रॅम कामाला आला की त्याला पत्ता लागता कामा नये, की समोर खरी चिप नाही."

"म्हणजे फसवायचं."

ते चपापले. "हो, म्हणजे तसं फसवायचंच. पण हुबेहूब. ती जिथं अडखळायची तिथं आपण अडखळायचं. ती चुकायची तिथं चुकायचं. शहाणपणा करायचा नाही."

"आणि त्याचा उपयोग?"

"कोणाला पेटीतला प्रोग्रॅम बदलायचा असला तर तो आधी इथे चालवून बघतो. इथे नीट चालला तर मग खऱ्या टाकीला लावतो. नाही तर टाकीभर दूध नासायचं."

आतून मेहुणी म्हणाली, "दूध म्हटल्यावर आठवलं. गॅसवरचं कोण बघतंय?" साडू उठून धावले. उतू गेलं होतंच.

या सोंगांचा एक मोठा प्रकल्प होता. मालक असा कोणी नाही. देशोदेशीची माणसं आपापल्या वेळात लिहायची, एकमेकांचं तपासायची, आणि लिहिलेलं सगळ्यांना खुलं, वाटेल त्यानं वाचावं, वापरावं. त्यात कितीतरी जातींच्या प्रोसेसरची सोंगं होती. ज्यानं ज्या जातीचा भार उचलला त्याचं नाव तिच्यापुढे. या एका विस्मृतीत गेलेल्या चिपपुढे आमच्या साडूंचं नाव होतं. पगार नाही, दारावर नावाची पाटी नाही, निवृत्ती नाही. ते पहाटे उठून छापखान्यात जायच्या आधी त्या दारापाशी बसायचे. चिपला कळणाऱ्या एकेका आज्ञेसाठी आठवडे घालवायचे. प्रकल्पाचा मूळ सांगाडा मधूनमधून बदलायचा, की यांना आपलं सगळं पुन्हा त्या मापाचं शिवावं लागायचं. मेहुणी जागी झाली की यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "उठवलं का तुला?"

"नाही," ती म्हणायची. "माझ्या सवतीनं उठवलं. किती टकटक करते."

मग ते मुकाट्यानं कपड्यांच्या घड्या घालायचे. भाजी चिरून ठेवायचे. मेहुणी आमच्या हिला सांगायची, "ताई, यांच्या अंगात अपराध शिरला की माझं घर लखलखतं." दोघी हसायच्या. पण दोघी बहिणी मिळून कुठे गावाला निघाल्या की मेहुणीच्या शेजारची एक जागा रिकामीच असायची, आणि ती त्या जागेवर पिशवी ठेवायची, हेही मी पाहिलं आहे.

मधे एकदा वीज कमीजास्त झाली आणि ती हिरवी पाटी जळाली. मेहुणी सांगते, खोलीत वास सुटला आणि हे पाटी हातात धरून उभे, फुंकर घालत होते. दुसरी पाटी खूप शोधली, मिळाली नाही. तोवर बरंच काम झालेलं होतं. पाटी पुन्हा टोपी घालून आपल्या जागी बसली.

सोंग वापरणारे मोजकेच होते. त्यातली एक बाई दूर देशात एका दूधसंघात तंत्रज्ञ होती. त्यांच्या टाक्यांना अजून त्याच पेट्या होत्या. ती अडली की साडूंना मेल करायची, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि साडू तशाच मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर द्यायचे. मेहुणीनं तिचं नाव 'दूधवाली' ठेवलं होतं.

"तुमच्या दूधवालीचं आलंय बघा काहीतरी."

"अगं, टाकीचं आहे."

"टाकीचंच असणार. आम्हाला कोण टाकीचं लिहितंय?"

गोष्ट घडली ती साडू छापखान्यातून निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षात. त्या वर्षी प्रकल्पाच्या प्रमुख मंडळींनी आवराआवर काढली. ज्या जातींची खरी यंत्रं आता तपासायला मिळत नाहीत, त्यांची सोंगं ठेवायची की काढून टाकायची, असा प्रश्न होता. साडूंनाही विचारणा आली, अगदी नम्र शब्दांत. यांनी उत्तर दिलं, की माझ्याकडची पाटी जळाली आहे हे खरं, पण आत जे आहे ते सगळं ती जळण्यापूर्वी खऱ्या चिपशी ताडून पाहिलेलं आहे. ते ऐकून मंडळी थांबली. आणखी काही दिवस बघू म्हणाली. साडूंना त्या आठवड्यात मी पहिल्यांदा दोन कप चहा मागून घेताना पाहिलं.

आणि मग दूधवालीचं मेल आलं. टाकीभोवती फिरणाऱ्या मिठाच्या पाण्याचं तापमान शून्याखाली सांभाळायचं, त्यासाठी तिनं प्रोग्रॅममध्ये बदल केला होता. साडूंच्या सोंगावर तो चालवून बघितला, बरोबर चालला. मग खऱ्या पेटीत घातला. तिथे तो थोडा थोडा भरकटत गेला, थंडावा मधेच बंद झाला आणि सकाळपर्यंत सगळं दूध नासलं. संघानं तिला घरी बसवलं. न तपासता प्रोग्रॅम घातला, असा ठपका ठेवला. तिनं साडूंना दोष दिला नव्हता. तिनं एवढंच लिहिलं होतं, की मी तुमच्याकडे चालवून बघितलं होतं, चाललं होतं, मग माझं कुठे चुकलं ते मला समजावून द्याल का? सोबत खऱ्या पेटीतले आकडे पाठवले होते.

ते आकडे बघताच साडूंना कळलं. ते काय, हे त्यांनी मला नंतर समजावलं होतं, आणि एवढं एक मला समजलं. उणे सातला दोननं भागायचं. उणे साडेतीन येतात, पण चिपला अर्धा धरता येत नाही. मग उणे तीन म्हणायचं की उणे चार? चिपच्या पुस्तकात यावर काही लिहिलेलं नव्हतं. बाकीच्या बहुतेक चिपा उणे तीन म्हणतात, म्हणून यांनी अगदी सुरुवातीच्या दिवसांत उणे तीन लिहिलं आणि शेजारी स्वतःसाठी टिपून ठेवलं, 'खऱ्यावर बघायचं आहे'. बघायचं राहून गेलं. पाटी जळाली. खरी चिप उणे चार म्हणणारी निघाली. शून्याच्या वर कधी कोणाला फरक पडला नसता. शून्याखाली दर वेळी एकाची चूक, आणि ती साचत गेली.

हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आधी दुसरंच विचारलं. आम्ही दोघं संध्याकाळी कालव्याच्या बाजूनं चालत होतो. बहिणी पुढे होत्या. एका बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "दादा, एक विचारू? तुमच्या खात्यातलं आहे."

"विचारा की."

"समजा, दुकानात काटा आहे. काट्यावर तुमच्या खात्याचा शिक्का आहे. दुकानदारानं विश्वासानं तोलून दिलं आणि माल कमी भरला. कोणाला धरतात?"

माझं अर्धं लक्ष बुटात गेलेल्या खड्याकडे होतं. मी बूट झटकत म्हटलं, "शिक्का असेल तर दुकानदाराचा काय दोष? शिक्का मारणाऱ्याला विचारायचं."

"मारणाऱ्याला तेव्हा वाटलं होतं की आपण सगळं तपासलंय."

"वाटून काय उपयोग, साडूभाऊ? न तपासता मारला तर शिक्का खोटाच."

"खोटाच," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "आणि एवढ्यावरून खातं नाही ना बंद करत?"

मी हसलो. "खाती कशाला बंद होतायत? माणसं जातात, खाती राहतात."

तेही हसले. बाकावरची वाळकी पानं त्यांनी हातानं एका बाजूला केली, पुढच्या बसणाऱ्यासाठी. आम्ही उठलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नोकरीबद्दल कोणी मनापासून काही विचारलं, म्हणून मी घरी जाईपर्यंत खुशीत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो तेव्हा दार उघडंच होतं. मेहुणी पुढच्या खोलीत मधोमध उभी, साडू टेबलापाशी बसलेले, दोघांमध्ये घडी न घातलेल्या कपड्यांचा ढीग.

"या भाऊजी," मेहुणी म्हणाली. "बरे आलात. यांना जरा समजावा. हे सगळ्या गावाला ओरडून सांगणार आहेत की मी खोटा आहे."

"तसं नाही," साडू म्हणाले. "प्रकल्पाच्या सगळ्यांना जाईल असं एक पत्र. आणि एक तिच्या संघाला. तिनं तपासलं होतं, माझंच चुकलं होतं, एवढंच."

"आणि मग काय होईल ते सांगा ना भाऊजींना."

साडूंनी सांगितलं. सगळं ताडून पाहिलेलं आहे असं आपण लिहून दिलंय, त्यावरच सोंग टिकून आहे. आता तसं नव्हतं म्हटलं तर ते काढून टाकतील.

"तिला एकटीला लिहा," मेहुणी म्हणाली. "चूक दुरुस्त करून टाका गुपचूप. कोण बघायला येतंय?"

"तिला एकटीला लिहून तिची नोकरी कशी परत येईल? तिचा संघ म्हणेल, ही स्वतःच लिहून आणते. सगळ्यांसमोर असलं तर तिला दाखवता येईल."

"आणि तुमचं काय?"

साडूंनी ढिगातला एक टॉवेल उचलून घडी घालायला घेतली.

मेहुणीचा आवाज एकदम खाली आला. आजवर तिच्या टोमण्यांनाच मी ओळखत होतो, हा आवाज मला नवा होता. "इतकी वर्षं मी सवत नांदवली. पहाट तिची, रविवार तिचा. मी म्हटलं, जाऊ दे, यांचं एवढं एकच आहे. आणि आता म्हातारपणी तुम्ही तिला हाताला धरून घराबाहेर काढताय? मग माझं ते सगळं कशासाठी गेलं?"

"माझं चुकलंच तुझ्या बाबतीत," साडू म्हणाले.

"माझ्या बाबतीत चुकलात ते राहू द्या चुकलेलं. मी तक्रार केलीय? भाऊजी, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते."

मी घसा साफ केला. तेवढ्यात साडूच म्हणाले, अगदी साधेपणानं, "दादांनीच सांगितलंय मला. न तपासता मारलेला शिक्का खोटा. दुकानदाराचा दोष नाही."

मेहुणीनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या हिनंही पाहिलं.

मला तेव्हा बोलता आलं असतं. माझ्या उभ्या नोकरीत शिक्का मारणाऱ्याला कोणी जाब विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. दर वेळी दुकानदारच सापडायचा आणि आम्ही वर मान करून पुढच्या दुकानात जायचो. बाकावर मी जे बोललो ते खात्याच्या पुस्तकातलं होतं, खात्यातलं नव्हतं. हे मी सांगितलं असतं तर साडू थांबले असते का? बहुधा नसते. पण एवढं मोठं ओझं उचलताना ते माझ्या शब्दाला धरून उभे होते, आणि तो शब्द आतून पोकळ आहे हे मला एकट्याला माहीत होतं. मी म्हटलं, "नीट विचार करून काय ते करा." मग ही म्हणाली, "चहा टाकते," आणि आम्ही सगळे चहाच्या मागे लपलो.

पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवलं. मेहुणीनं त्याची छापील प्रत मला दाखवली आहे. लांबण नाही. कोणत्या ठिकाणी अंदाज केला, तो कसा चुकला, त्यामुळे कोणाचं काय नुकसान झालं, त्या बाईनं आपलं काम चोख केलं होतं. खाली दुरुस्तीही जोडली होती. प्रकल्पातल्या एकानं आभार मानून विचारलं, असे आणखी किती अंदाज आत असतील? एवढ्या एका प्रश्नाला साडूंनी दोन दिवस घेतले. या दोन दिवसांत त्यांनी स्वतःचं सगळं जुनं लिखाण पुन्हा वाचायला घेतलं होतं, आणि वाचून संपण्यासारखं ते नव्हतं. शेवटी उत्तर दिलं, "मला आठवत नाही."

त्यानंतर फार चर्चा झाली नाही. सगळ्यांनी चांगलं लिहिलं. त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, इतक्या वर्षांच्या कामाबद्दल ऋण व्यक्त केलं, आणि पुढच्या आवृत्तीतून ते सोंग काढून टाकायचं ठरवलं. भार घ्यायला दुसरं कोणी पुढे आलं नाही. जुनी आवृत्ती ज्याला हवी त्याला मिळत राहणार होतीच, पण तिच्याकडे आता कोणी बघणार नव्हतं.

दूधवालीला तिची जागा परत मिळाली नाही, कारण तिथे तोवर दुसऱ्याला बसवलं होतं. पण संघानं ठपका मागे घेतला आणि तसं लिहून दिलं. त्यावर तिला शेजारच्या गावात काम मिळालं. तिनं साडूंना मोठं मेल पाठवलं. मेहुणी सांगते, ते त्यांनी उघडलं, पहिली ओळ वाचली आणि उठून गेले. मग तिनंच ते बसून वाचलं, शब्दकोश घेऊन, आणि उत्तरही तिनंच दिलं. काय लिहिलंत, असं मी विचारलं तर म्हणाली, "लिहिलं, की ते कपड्यांच्या घड्या घालतायत."

साडू मात्र गप्प बसले नाहीत. ज्यानं ज्यानं कधी त्या सोंगाबद्दल त्यांना विचारलं होतं, त्या प्रत्येकाला त्यांनी शोधून लिहिलं, की तुमच्याकडची आवृत्ती शून्याखाली चुकते, एवढं बदलून घ्या. बरेच पत्ते बंद झाले होते. कोणी उत्तर दिलं, कोणी नाही. एका माणसानं लिहिलं, आम्ही तुमच्यावर विसंबलो होतो. तेवढं एक पत्र त्यांनी मेहुणीला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय त्यानं."

ते काम संपल्यावरही पहाटे उठायची सवय गेली नाही. उठून त्या दाराच्या टेबलापाशी बसायचे, कॉम्प्युटर लावायचे नाहीत. मेहुणी एक दिवस उठून आली आणि म्हणाली, "आज टकटक नाही. मला जागच आली नाही." त्यावर ते म्हणाले, "उठवू का उद्यापासून?" ही मी ऐकलेली त्यांची एकमेव थट्टा. मेहुणीनं ती सांगितली तेव्हा हसता हसता तिला पुढे बोलता येईना.

त्यांचं घर मोठ्या आवाजात कधीच नव्हतं, आता जास्तच शांत झालं. गावाला जाताना मेहुणीच्या शेजारच्या जागेवर आता साडू बसायचे, मांडीवर पिशवी घेऊन. हिरवी पाटी होती तिथेच राहिली. तिच्यावरची टोपी फाटली तेव्हा मेहुणीनं दुकानातून नवी आणून घातली.

मी मात्र त्यांच्याशी त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. किती वेळा ठरवून गेलो, की आज सांगायचं, साडूभाऊ, बाकावरचं माझं बोलणं तुम्ही फार मनावर घेतलंत, आमच्यात तसं काही नव्हतं. जाऊन बसलो की ते म्हणायचे, "काय मग, दादा?" आणि माझ्या तोंडून निघायचं, "चाललंय." सांगून काय झालं असतं, असंही वाटतं. त्यांनी योग्य केलं ते चुकीच्या माणसाच्या भरवशावर, एवढंच त्यांना कळलं असतं, आणि त्यांनी तेही आपल्या अंगावर घेतलं असतं. तरी न सांगितल्याचं मनाला लागून राहिलंय. ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे हिची डब्यांची पिशवी द्यायला गेलो होतो.

मेहुणी बाहेर गेली होती. साडू एका स्टुलाला धरून खोलीत उभे होते, हातात विजेचा दिवा, आणि स्टुलावर चढावं की नाही अशा विचारात. पिशवी घेतली, चहा विचारला, मी नको म्हटलं. त्या दिवशी बोलायचंच, असं जिना चढताना मी ठरवलं होतं. थोडा वेळ उभा राहिलो. त्यांनी पिशवीतला एक डबा काढला, उलटा करून झाकणाची कड बघितली आणि परत ठेवला. मी म्हटलं, "निघतो मग."

ते माझ्या मागोमाग दारापर्यंत आले.

"दादा, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय. आणि तिथली वळणावरची पायरी कडेला फुटलीय. वरून दिसत नाही, म्हणून सांगून ठेवतो."

"मघाशी चढताना नाही जाणवली."

"चढताना नाही जाणवत. उतरताना पाय जातो. उद्या मी दिवा लावतो, तोवर कठडा धरून जा."

"धरतो," मी म्हटलं.